हप्ते कुणाला भरतोयस?

प्रिय दोस्ता,

तुझा परवाचा मेसेज चार वेळा वाचला. "ताईच्या बाबतीत जे केलं त्याचे हप्ते मी दर महिन्याला भरतोय, माझं मी बघतो, तुमच्या येशूला मध्ये कशाला आणता" आणि त्याच्या खाली, "निर्दोष माणसाला मारून बाकीच्यांना सोडायचं, हा कुठला न्याय?" मुद्दामच फोन केला नाही. फोनवर मी घाईघाईत पाठ असलेली वचनं म्हणायला लागतो आणि तू "हो हो" करत ऐकून घेतोस, ते मला या वेळी नको होतं.

आधी न्यायाचं. मला स्वतःला लहानपणापासून अडलेला शब्द म्हणजे खंडणी. आपल्या मराठी बायबलमध्ये तारणाबद्दल बोलताना हा शब्द येतो, खंडणी भरून मिळवलेली मुक्ती. आता पेपरात खंडणी कुठल्या बातमीत येते ते तुला माहितीये, त्यामुळे डोक्यात चित्र असंच यायचं की कुणीतरी आपल्याला धरून ठेवलंय आणि पैसे मागतोय. मूळ शब्दाचा अर्थ गुलामाला किंवा कैद्याला सोडवून आणायला भरलेली किंमत असा आहे. पण तरी प्रश्न राहतोच ना, भरली कुणाला?

हा प्रश्न आपल्यालाच पडला असं नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंतानं लिहिलं की सैतानाला भरली, आपण त्याच्या ताब्यात होतो म्हणून. चौथ्या शतकात नाझियान्झचा ग्रेगरी हा बिशप यावर अक्षरशः चिडला, की लुटारूला मोबदला म्हणून देवानं स्वतःलाच द्यायचं? आणि बापाला भरली म्हणावं, तर ज्या बापानं अब्राहामाच्या हातून इसहाकसुद्धा घेतला नाही, त्याच्या जागी मेंढा दिला, तो स्वतःच्या मुलाच्या रक्तानं खूश कसा होईल? पुढे 1098 च्या सुमारास अॅन्सेल्म या धर्मपंडितानं सगळा विचार कर्जाच्या भाषेत मांडला, की देणं माणसाचं आहे पण फेडायची ताकद फक्त देवात आहे. मोठमोठी माणसं भांडलीत यावर. आणि निकेयाचा मतांगीकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची जुनी जाहीर कबुली, बघ, त्यात "आम्हा मानवांसाठी आणि आमच्या तारणासाठी" एवढंच आहे, हे नेमकं कसं घडतं याचं गणित तिथं मांडलेलंच नाही. मला त्याचं बरं वाटतं.

मला स्वतःला हे कळलं ते बाबांच्या डायरीवरून. काकांना बाबांनी पैसे दिले होते आणि काकांनी ते बुडवले, वर बोलणंही बंद केलं. बाबा गेल्यावर मी कपाट आवरत होतो तेव्हा ती डायरी सापडली, निळ्या पुठ्ठ्याची. काकांच्या नावाचं पान, खाली आकडा, आणि त्याच्यावर एक आडवी रेघ, इतकी दाबून मारलेली की मागच्या पानावर बोट फिरवलं तर उमटलेली लागते. बाजूला तारीख. आणि त्या तारखेनंतरची पानं मी उलटत गेलो तर पुढची दोन वर्षं बाबांच्या जादा कामाच्या नोंदी आहेत, रविवारच्या पण. म्हणजे रेघ मारली म्हणून पैसे परत आले नव्हते रे. खड्डा तेवढाच होता, फक्त काकांऐवजी तो बाबांनी भरला आणि काकांना शेवटपर्यंत कळलंही नाही. मी तिथं जमिनीवर बसून राहिलो बराच वेळ.

तर तू म्हणतोस निर्दोष तिसऱ्याला मारलं. माझं म्हणणं तिसरा कुणी नाहीच यात. ज्याचं येणं होतं त्यानंच तोटा सोसला. येशू कुणी रस्त्यावरून धरून आणलेला माणूस असता तर तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं आणि मी स्वतः अशा देवाकडे पाठ फिरवली असती. पण ख्रिस्ती शिकवण हीच आहे की वधस्तंभावर देव स्वतः होता, पुत्राच्या रूपात, आणि आपणहून होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझा जीव माझ्यापासून कोणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. हे वाक्य काढून टाकलं तर उरतो तो नुसता खून.

आणि तुझी शंका बायबलमध्येच आहे बरं का. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवसाचं वर्णन आहे, दोन बकरे, एकाचा बळी आणि दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक, म्हणजे मुख्य पुरोहित, दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करतो आणि मग त्याला रानात सोडून देतात. मी ते दोन्ही हात डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न करतो, खालचे कान, त्याचं बावरणं, त्या बिचाऱ्या जनावराला काय कळणार. आणि नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात सरळ लिहिलंय की बैलांचं आणि बकऱ्यांचं रक्त पाप दूर करू शकत नाही. म्हणजे बाहेरच्याला पुढे करून भागत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

आता तुझे हप्ते. त्याच इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात एक गोष्ट आहे जी मला तुला सांगायचीच होती. याजक रोज उभा राहून तेच तेच यज्ञ पुन्हापुन्हा करतो, आणि ख्रिस्त एकदाच अर्पण करून बसला. उभा आणि बसला, एवढाच फरक. निवासमंडपातल्या, म्हणजे इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूतल्या, सामानाची यादी निर्गम या पुस्तकात आहे, मेज आहे, दीपवृक्ष आहे, धूपवेदी आहे, पण याजकाला बसायला काही नाही, कारण काम कधी संपतच नव्हतं. तू गेली तीन वर्षं तसाच उभा आहेस यार. पहिल्या तारखेला पैसे जातात, ताईला बँकेचा मेसेज जातो, आणि तुझा फोन जात नाही. तिनं ते पैसे कधी मागितले? तूच रक्कम ठरवलीस, तूच मुदत ठरवली नाहीस. मी हे रागानं लिहीत नाहीये, मला तुझी तळमळ दिसते, आणि केलेल्या चुकीची किंमत असते हे तुला कळतं हे तर चांगलंच आहे. जे घेतलं ते परत दे, जरूर दे, जक्कय नावाच्या जकातदारानं लोकांचं लुबाडलेलं चौपट परत देतो म्हटलं होतं. पण येशू त्याच्या घरी उतरायला आधी गेला, चौपट नंतर आलं, हा क्रम उलटा करू नकोस.

अजून एकच. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र यानं त्याला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं ते कोळशाच्या विस्तवापाशी शेकत असताना. योहानानं तिथं जो ग्रीक शब्द वापरलाय तो सबंध नव्या करारात दोनदाच येतो, दुसऱ्यांदा एकविसाव्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, तळ्याच्या काठी पहाटे. तिथं येशूनं स्वतः तसाच विस्तव पेटवलाय, वर मासळी आहे, भाकर आहे, आणि पेत्र ओल्या कपड्यांनी पाण्यातून येतोय. विचार कर त्या धुराच्या वासानं त्याला काय झालं असेल. येशू आधी म्हणतो, या, खाऊन घ्या. जेवण झाल्यावर तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? नाकारलंस का, कसं नाकारलंस, एक प्रश्न नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय, म्हणजे दुखलंच त्याला, त्याच जागेवर बोट ठेवलं होतं. आणि लगेच काम दिलं, माझी मेंढरं सांभाळ.

तू येशूला मान किंवा नको मानू, त्यासाठी हे पत्र नाही. पण येत्या एक तारखेला पैसे पाठवायच्या आधी ताईला फोन कर. ती काय बोलेल माहीत नाही, कदाचित रडेल, कदाचित ठेवूनही देईल. ठेवला तर मला लाव, मी जागा असेन.

तुझाच