काका, जॉन दोन होते!

काका, नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून लगेच विषय बदलता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल.

बाकीच्यांसाठी सांगते, माझा नवरा पेनसिल्व्हेनियाचा, सासूबाईंचं माहेर मूळचं आयरिश असं घरात सगळे म्हणतात, आणि त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला वंशावळ फ्रेम करून द्यायची हौस मला. ऑनलाइन कुणाच्या तरी फॅमिली ट्रीमध्ये आमचा पूर्वज जॉन आयताच सापडला, आयर्लंडमधलं गाव, 1729 चं जहाज, लँकेस्टर काउंटीतली जमीन, सगळं तयार! मी कॉपी केलं आणि फ्रेमवाल्याला अ‍ॅडव्हान्सही देऊन आले (हे तुम्हाला सांगितलं नव्हतं).

तुम्ही एवढंच विचारलंत, "जहाजाची यादी तू स्वतः बघितलीस का?" कुठली बघणार. 1727 पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मन लोकांकडून राजाशी निष्ठेची शपथ घ्यायचे म्हणून त्यांच्या याद्या राहिल्या, आयरिश तर आधीच त्याच राजाची प्रजा, त्यांना कोण विचारतंय! परदेशातून येणाऱ्या सगळ्या जहाजांच्या याद्या अमेरिकन सरकार मागायला लागलं ते 1820 पासून. आमचं जहाज तिथेच बुडालं. मग मी म्हटलं थेट आयर्लंडमध्येच शोधू, तर तुमचं उत्तर, कुठल्या गावात? इकडच्या कागदांवर नुसतं "आयर्लंड", आणि तिकडे 1922 च्या लढाईत डब्लिनचं रेकॉर्ड ऑफिस जळालं त्यात कितीतरी जुनी मृत्युपत्रं आणि चर्चच्या वह्या गेल्या.

मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. तुम्ही म्हणालात सातबारा-फेरफार काढतो तसं जमिनीच्या मागे लाग. आधी वॉरंट (जमीन मोजायचा हुकूम), मग सर्व्हे (मोजणी), पैसे भरले की पेटंट (मालकीचा कागद), मध्ये वीस-वीस वर्षंही जायची, त्यात 1750 ला लँकेस्टरमधून कंबरलंड काउंटी वेगळी काढलेली, म्हणजे माणूस जागचा हललेला नाही आणि कागद दुसऱ्या कोर्टात!

आणि मग तो शनिवार. त्या जमिनीच्या विक्रीखताचा फोटो तुम्ही स्क्रीनवर मोठा केलात, फेब्रुवारीची तारीख आणि पुढे 1750/51, मी म्हटलं कारकुनालाच वर्ष नक्की माहीत नव्हतं वाटतं, तुम्ही केवढे हसलात. 1752 पर्यंत इंग्रजांचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला बदलायचं, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आसपासच की, म्हणून त्याआधीच्या तारखांना जुनं-नवं दोन्ही वर्षं लिहायचे, हे मला या वयात कळलं. मग खाली बोट ठेवलंत, झोकदार सही, बायको मार्गारेट. आमच्या जॉनच्या मृत्युपत्रावर बायको अ‍ॅग्नेस आणि सहीच्या जागी नुसती खूण. मी लगेच वकिली सुरू केली, पहिली बायको गेली असेल, मरताना हात थरथरत असेल. तुम्ही शांतपणे पहिली ओळ वाचायला लावलीत. जमीन विकणारा जॉन स्वतःला "ऑगस्टा काउंटी, व्हर्जिनिया"चा म्हणवतोय, आणि आमचा जॉन त्याच सुमारास इकडे टॅक्स भरतोय!

म्हणजे गाव, जमीन सगळं त्या दुसऱ्या जॉनचं. खरं सांगते, त्या दिवशी तुमचा थोडा रागच आला होता. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, काकांनी माझा पूर्वज काढून घेतला.

पण मग तुम्हीच पुढच्या एका टॅक्स लिस्टमध्ये शेवटी "फ्रीमेन"च्या खाली आमच्या जॉनच्या मुलाचं नाव दाखवलंत, म्हणजे एकवीस पूर्ण आणि अजून बिनलग्नाचा, चला, मुलाच्या जन्माचा अंदाज तरी आला. एवढंसं मिळालं तर केवढा आनंद झाला होता मला.

फ्रेम झाली काका. अ‍ॅडव्हान्स गेला, नवी करून घेतली. सगळ्यात वरच्या चौकोनात जहाज नाही, गाव नाही, फक्त "जॉन, आयर्लंडहून (बहुधा)" आणि खाली मृत्युपत्रावरची ती खूण, वाकडा हूक असतो ना तशी. सासूबाईंनी त्या खुणेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "लिहिता येत नव्हतं बिचाऱ्याला." बाकी वंशावळीकडे दहा मिनिटं बघितलंसुद्धा नाही.

या शनिवारी येतेच, सर्व्हेच्या नकाशावर त्याच्या बांधाला लागून ज्यांची नावं आहेत ती बघायची राहिलीत, एकाच गावातून आले असतील तर शेजाऱ्यांवरून गाव तरी सापडेल. पुरणपोळ्या आणते, तूप वेगळ्या डब्यात, काकूंना सांगून ठेवा.

तुमची,
दोन जॉनवाली सून