टाचेच्या थेंबांचा अहवाल घरी पोहोचलाच पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात जन्मली तेव्हा इतकी शांत होती की येणारा-जाणारा तिचे कौतुक करी, आणि त्यात मी सर्वांत पुढे होते. दूध पाजायलासुद्धा तिला जागे करावे लागे, क्वचित रडलीच तर आवाज घोगरा येई, आणि तिसरा आठवडा सरत आला तरी कावीळ उतरत नव्हती. आम्ही मात्र बाळ किती गुणी आहे, असेच म्हणत राहिलो. प्रत्यक्षात तिच्या गळ्यात थायरॉइड ग्रंथी तयारच झालेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतले होते. तपासणी वेळेवर झाली, अहवालही तयार झाला. पण आमचा दूरध्वनी क्रमांक चुकीचा नोंदला गेल्यामुळे तो आमच्या हाती सव्विसाव्या दिवशी पडला. मधल्या काळात अहवालाचे काय झाले, हे आपणहून विचारायचे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही, याची टोचणी मला आजही आहे.

साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एकाला जन्मतः थायरॉइडची कमतरता असते. गर्भात आईचे थायरॉइड संप्रेरक वारेतून बाळाला थोडेफार मिळत असल्याने यांतली बहुतेक बाळे जन्मताना अगदी निरोगी दिसतात. मोठी जीभ, बाहेर आलेली बेंबी, न भरलेली मागची टाळू, बद्धकोष्ठता ही लक्षणे ठळक होईपर्यंत मेंदूच्या वाढीचे मोलाचे दिवस निघून गेलेले असतात. म्हणूनच लक्षणांची वाट पाहणे धोक्याचे आहे. कॅनडातील क्युबेकमध्ये डॉ. ज्याँ द्यूसो यांनी 1974 च्या सुमारास वाळलेल्या रक्ताच्या थेंबावरून ही तपासणी सुरू केली. त्याआधी अशी मुले कित्येकदा काही महिन्यांची झाल्यावर ओळखली जात आणि बुद्धीची झालेली हानी भरून येत नसे. आज पहिल्या दोन आठवड्यांत पुरेसे औषध सुरू झाले, तर बहुतेक मुले इतरांसारखीच वाढतात आणि शिकतात.

जन्मानंतर काही तास टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारे आणि या कमतरतेत वाढणारे संप्रेरक, आपसूकच वाढलेले असते, म्हणून नमुना शक्यतो 48 तासांनंतर घेतात. त्याआधीच घरी जाणाऱ्या बाळाचा नमुना पुन्हा घ्यावा लागेल का, हे घरच्यांनी विचारून घ्यावे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

औषध म्हणजे लिव्होथायरॉक्सिनची लहानशी गोळी, सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे रोज 10 ते 15 मायक्रोग्रॅम. माझी सून दोन चमच्यांमध्ये गोळी चुरडून चमचाभर दुधात कालवते आणि चमच्याच्या कडेला चिकटलेला कणही निपटून बाळाला देते. बाटलीभर दुधात गोळी मिसळली आणि दूध उरले, तर औषधही उरते. लोह, कॅल्शियम आणि सोयाचे दूध यांमुळे ती नीट शोषली जात नाही, त्यामुळे त्यांच्यात काही तासांचे अंतर लागते. वजन वाढेल तशी मात्रा बदलते, म्हणून पहिली तीन वर्षे वारंवार रक्त तपासावे लागते. मूल आता छान आहे म्हणून कोणी परस्पर गोळी बंद करू नये. काहींची कमतरता तात्पुरती असते, पण त्याचा निर्णय तीन वर्षांनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतो. माझ्या नातीला गोळी जन्मभर घ्यावी लागेल.

माझी मागणी साधी आहे. आईला घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर या तपासणीची तारीख आणि निष्कर्ष यांसाठी स्वतंत्र ओळ असावी, दोन दूरध्वनी क्रमांक वाचून दाखवून पक्के करून घ्यावेत, आणि दहाव्या दिवसापर्यंत ती ओळ कोरी राहिली तर कुटुंबाला कळवण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे असावी.

आपली,
एक आजी