जुन्या इंग्लिश व्हायोलाबद्दलही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या वाद्यांची बातमी म्हटली की स्ट्रॅडिव्हेरियस (इटालियन कारागीर स्ट्रॅडिव्हेरीचं व्हायोलिन) आणि त्याची कोटीतली किंमत, एवढंच छापून येतं. व्हायोला तर बऱ्याच जणांना मोठं व्हायोलिनच वाटतं. मी स्वतः व्हायोला वाजवते म्हणून मनापासून सांगते, लंडनच्या जुन्या कारागिरांचे व्हायोला हा वेगळाच खजिना आहे आणि त्यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही.

बॅरक नॉर्मन या कारागिराचंच घ्या. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या आवारात त्याचं दुकान होतं, 1666 च्या मोठ्या आगीत गेलेल्या जुन्या चर्चच्या जागी नवं कॅथीड्रल उभं राहत होतं तो काळ. 1715 च्या सुमारास नॅथॅनिएल क्रॉस त्याचा पार्टनर झाला, 1724 मध्ये नॉर्मन वारला. त्याचे बास व्हायोल (पायांत धरून गजाने वाजवायचं, व्हायोलाहून वेगळं जुनं वाद्य), चेलो बरेच टिकलेत पण व्हायोला फारच कमी, कारण तेव्हा चलती होती दोन व्हायोलिन आणि बास अशा सोनाटांची (वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनांची), इंग्लिश संगीतकार पर्सेलच्या 1683 च्या सोनाटा बघा ना, त्यात व्हायोलाला कामच नाही, मग ऑर्डर देणार कोण? स्ट्रॅडिव्हेरीचेसुद्धा व्हायोला दहा-बाराच उरलेत. बेंजामिन बँक्स, विल्यम फॉर्स्टर हे इंग्लिश कारागीर नंतरचे, त्यांचे व्हायोला त्यामानाने जास्त दिसतात.

आणि जे टेनर व्हायोला, म्हणजे खालच्या सुरांसाठीचे मोठ्या मापाचे व्हायोला होते त्यांचं पुढे जे झालं ते वाचून जीव तुटतो. हाताला आवरत नाहीत म्हणून कितीतरी वाद्यं कडा कापून लहान केली, नेक (तारा जिच्यावरून जातात ती वाद्याची मान) बदलले. व्हायोला व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली लागतो, त्या खर्जाला व्हायोलिनच्या हिशोबाने 53 सेंटीमीटरच्या आसपास बॉडी हवी, तेवढी हनुवटीखाली धरताच येत नाही, म्हणून आम्ही आज 40-43 वर भागवतो. जुने कारागीर ही अडचण आपापल्या मापाने सोडवत होते, आणि वाद्य कापलं की ते मापच जातं, ते पुन्हा कुठून आणणार? म्हणून न कापलेला एखादा जुना इंग्लिश व्हायोला मला कुठल्याही रेकॉर्ड किमतीपेक्षा मोठी बातमी वाटते.

तेव्हा एकच विनंती, पुढच्या वेळी लिलावाची बातमी देताना वाद्य मूळ मापाचं आहे की कापलेलं, नेक जुना की बदललेला, हेही किमतीच्या शेजारी छापा.

आपली,
एक व्हायोलावादक वाचक, मुंबई