उन्हात साखर-मीठ-पाणीच का?

महोदय,

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला की ‘भरपूर पाणी प्या’ एवढाच सल्ला सगळीकडे ऐकू येतो. तो अपुरा आहे.

शरीराचे तापमान ३७ अंशांजवळ ठेवण्याचे काम मेंदूतील हायपोथॅलॅमसचे. तो त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतो, घाम सोडवतो. रक्त त्वचेकडे वळले की हृदयाचे ठोके वाढतात आणि मूत्रपिंडांच्या वाट्याला रक्त कमी येते. मूत्रपिंडेही पाणी धरून ठेवतात, म्हणून लघवी कमी आणि गडद पिवळी होते. शरीरात पाणी कमी पडत असल्याची ही सुरुवातीची खूण.

घामावाटे मीठही जाते. तासन्‌तास घाम गाळून नुसतेच पाणी ढोसले, तर रक्तातील सोडियम (मिठातला घटक) उतरते. डोके दुखते, मळमळते. अशा वेळी १ लिटर पाण्यात ५ मिलीचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. साखर चवीपुरती नाही. आतड्यात साखरेतले ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीने शोषले जातात, त्यांच्यामागे पाणी येते. (मीठ अंदाजाने वाढवू नये.) मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे.

आणि कूलर लावताना खिडकी उघडी हवी. कोंडलेल्या दमट हवेत घाम वाळत नाही.

माणूस बरळू लागला, अंग ४० अंशांवर तापले, तर तो उष्माघात. पॅरासिटामॉल इथे निरुपयोगी. १०८ ला फोन करा, सावलीत आणून अंग ओले करा, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

– शरीरक्रियाशास्त्राचे शिक्षक, नागपूर