त्या तिसऱ्या माणसाला कोणी विचारलं?

चि. निखिलला,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या फिल्म क्लबने देहबदलाचे चित्रपट आणि संमती हा विषय घेतला आणि चर्चा चालवायची जबाबदारी तुझ्यावर आली, हे वाचून फार बरं वाटलं. विषय मोलाचा आहे, पण हातातून पटकन निसटतो. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतं, ‘अरे, जादूची गोष्ट आहे, एवढं काय!’ मग दुसरं कोणी नायिकेची बाजू घेऊन तावातावाने बोलतं, आणि उरलेला वेळ ती चांगली की वाईट यातच जातो. ज्याच्या अंगावर हे सगळं घडलं, त्याची कोणाला आठवणही राहत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात ‘वंडर वुमन 1984’ पासून कर. पॅटी जेन्किन्स यांचा हा चित्रपट 2020 च्या डिसेंबरात आला आणि या वादाला खरं तोंड त्यानेच फोडलं. नायिका डायना, म्हणजेच वंडर वुमन, एका जादूच्या दगडापाशी इच्छा धरते आणि 1918 मध्ये मेलेला तिचा प्रियकर स्टीव्ह परत येतो. पण तो स्वतःच्या देहात येत नाही, 1984 च्या वॉशिंग्टनमधल्या एका अनोळखी माणसाच्या देहात येतो. त्या माणसाचं घर आहे, कपड्यांनी भरलेलं कपाट आहे, पलंग आहे. डायना आणि स्टीव्ह त्याच घरात, त्याच पलंगावर रात्र घालवतात. त्या माणसाला चित्रपटभर नाव नाही. श्रेयनामावलीत तो फक्त ‘हँडसम मॅन’.

हे पाहताना बहुतेकांना काहीच का खटकत नाही, ते नीट दाखव. समारंभात डायनासमोर आधी तो अनोळखी माणूसच येतो. मग कॅमेरा तिच्या नजरेने बघू लागतो आणि तिथून पुढे पडद्यावर स्टीव्हचं काम करणारा क्रिस पाइन दिसतो. मूळ चेहरा फक्त आरशात. म्हणजे ज्याचं अंग वापरलं जातंय, त्यालाच दिग्दर्शकाने चौकटीबाहेर काढलंय. आरशाचा तो प्रसंग थांबवून दाखव आणि लोकांना घरातल्या वस्तू बघायला सांग: भिंतीवर काय आहे, कपाटात काय आहे. मग पलंगाचा प्रसंग लाव. तोच प्रसंग आता वेगळा दिसेल. दोन्ही तुकडे मिळून पाच-सात मिनिटांच्या वर जाऊ देऊ नकोस. लोक गोष्टीत रमले की चर्चा थंडावते.

त्यानंतर फळ्यावर तीन रकाने आख. पहिल्यात अंगाचा धनी, म्हणजे ज्याचा देह आहे तो. दुसऱ्यात आतला, म्हणजे त्या देहात शिरलेला. तिसऱ्यात समोरचा. प्रत्येक चित्रपटासाठी प्रत्येक रकान्यात दोनच गोष्टी भरायच्या: याला काय माहीत होतं, आणि याला नाही म्हणता आलं असतं का. ‘वंडर वुमन’मध्ये आतला आणि समोरची या दोघांनाही सगळं माहीत आहे, दोघांचीही राजीखुशी आहे. पहिला रकाना मात्र कोरा राहतो. तो कोरा रकाना फळ्यावर दिसला की पुढचं निम्मं काम आपोआप होतं.

वेगवेगळ्या चित्रपटांत वेगवेगळा रकाना रिकामा असतो, आणि चर्चेची खरी मजा तिथे आहे. ‘फेस/ऑफ’ (1997) घे. तिथे जादू नाही, शस्त्रक्रिया आहे. गुन्हेगार पोलीस अधिकाऱ्याचा चेहरा लावून त्याच्या घरी राहायला जातो आणि बायकोला वाटतं हा आपला नवरा. तिथे फसवणूक समोरच्या बाईची आहे. ‘बीइंग जॉन माल्कोविच’ (1999) मध्ये एका दारातून पंधरा मिनिटं जॉन माल्कोविच या नटाच्या डोक्यात शिरता येतं. त्याच्या जवळ येणाऱ्या मॅक्सिन या बाईला माहीत असतं की त्याच्या आत तिची प्रेयसी आहे. आतलीलाही अर्थातच माहीत असतं. माल्कोविच मॅक्सिनला हो म्हणतो, पण आपल्या डोळ्यांनी तिसरंच कोणी बघतंय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. त्याच्या त्या ‘हो’ची किंमत काय धरायची? या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो, आणि हाताशी वेळ असेल तर जाऊ दे. हो म्हणण्यासाठी किती माहिती लागते, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

याच्या अगदी शेजारी ‘पहेली’ (2005) ठेव. अमोल पालेकरांचा हा चित्रपट विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवरचा. त्याच कथेवर मणी कौल यांनी 1973 मध्ये ‘दुविधा’ केला होता. भूत नवऱ्याचं रूप घेऊन नवरीकडे येतं. ‘फेस/ऑफ’सारखीच मांडणी, पण एक फरक आहे: जवळ येण्याआधी ते तिला खरं सांगतं, मी तुझा नवरा नव्हे. निर्णय तिच्या हातात येतो आणि ती तो घेते. रूप तेच, घर तेच, तरी संमतीच्या दृष्टीने गोष्ट उलटीपालटी झाली. मला हा चित्रपट या चर्चेसाठी सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण पटकथेत एक संभाषण घातलं तर काय बदलतं ते त्यात उघड दिसतं. परगावी असलेल्या नवऱ्यावर अन्याय झालाच ना, असं कोणीतरी म्हणेल. झाला. पण तो त्याची जागा बळकावण्याचा अन्याय, त्याच्या देहाचा वापर नव्हे; भुताने रूप घेतलं, देह घेतला नाही. हे वेगळे ठेव, नाहीतर गुंता होतो.

आपल्याकडच्या जुन्या गोष्टी कोणीतरी काढणारच, तर आधीच तयारीत राहा. अहल्येची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं, पण वाल्मीकींच्या बालकांडात (सर्ग 48) तिने मुनीच्या वेषातल्या इंद्राला ओळखलेलं असतं. उत्तरकांडात (सर्ग 30) तीच गौतमाला म्हणते, तो तुमचं रूप घेऊन आला, मला कळलं नाही, मी इच्छेने वागले नाही. एकाच ग्रंथात दोन उत्तरं, आणि शाप दोन्हीकडे तिच्या वाट्याला आहेच. ‘नवनाथ भक्तिसारा’त मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात प्रवेश करतात. राजा गेलेला आहे, त्यामुळे अंगाच्या धन्याचा प्रश्न जवळजवळ मिटतो. राणीचा मात्र उभा राहतो, कारण तिला खरं पुढे कळतं. या गोष्टी श्रद्धेने वाचणारी माणसं सभागृहात असतील. तू त्या आदरानेच सांग, कोणावर खटला भरल्यासारख्या नको. रकाने भरायला त्या पुरेशा आहेत.

आता चर्चेत हमखास होणारी चूक. तीन निराळे प्रश्न लोक एकाच दमात विचारतात: पात्राचा दोष किती, त्या माणसाचं काय झालं, आणि चित्रपटाने ते कसं दाखवलं. डायनाने स्टीव्हला कोणाच्या देहात बोलावलं नव्हतं, हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्याने दुसऱ्या प्रश्नाला धक्काही लागत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणखी वेगळं: त्याच दगडाच्या जोरावर वाळवंटात अख्खी भिंत उभी राहते, नसलेली अण्वस्त्रं हजर होतात. मग स्टीव्हला नवा देह देणं पटकथेला अशक्य नव्हतं. परक्याचा देह ही लेखकांची निवड होती, आणि निवड केल्यावर त्या माणसाबद्दल एक वाक्यही नाही, ही दुसरी निवड. शेवटी बर्फात तो डायनाला भेटतो, दोघं हसून बोलतात आणि तो निघून जातो. आपल्या देहातून काय काय गेलं ते त्याला कळतच नाही. कोणी बोलायला उठलं की आधी विचार, ‘तू यातल्या कोणत्या प्रश्नाबद्दल बोलतोयस?’

म्हणूनच वादाचा ठराव ‘डायना दोषी आहे’ असा ठेवू नकोस. चाहते आणि विरोधक असे दोन तट पडतील. असा ठेव: ‘अंगाच्या धन्याला विचारणं शक्य नसेल तर पटकथेने शृंगाराचा प्रसंग घेऊ नये.’ यात विरोधी बाजूलाही बोलायला जागा आहे. ते म्हणू शकतात की प्रसंग घ्यावा, पण त्याची किंमत पात्रांना मोजायला लावावी. ही बाजू कमजोर नाही.

‘त्याला काही आठवत नाही, मग नुकसान कसलं?’ हा प्रश्न येईलच. बेशुद्ध माणसालाही आठवत नाही, तरी त्याच्याशी केलेलं कृत्य गुन्हाच असतं. देहाला आजार होऊ शकतो, दुखापत होऊ शकते, आणि ते सगळं मागे राहिलेल्याला भोगायचं असतं. मग कोणीतरी चतुराईने विचारेल की स्टीव्ह त्याच देहाने मारामाऱ्या करतो, जिवावर उदार होतो, त्याला का आक्षेप नाही? आक्षेप आहेच. तो माणूस मेला असता तर? हा मुद्दा आपल्या विरुद्ध जात नाही, उलट आपल्याच बाजूचा आहे, घे तो.

‘हे काल्पनिक आहे’ याला चिडून उत्तर देऊ नकोस. इतकंच विचार की स्टीव्ह दुसऱ्यांदा निरोप घेतो तेव्हा तुला वाईट वाटलं ना? चित्रपटाने ते दुःख खरं मानायला सांगितलं आणि आपण मानलं. मग त्याच गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाबद्दल तेवढंच खरेपण का नको?

आणखी एक युक्तिवाद सगळे वापरतात: डायनाच्या जागी नायक आणि त्या माणसाच्या जागी एखादी अनोळखी बाई अशी अदलाबदल करून बघा, मग लगेच कळेल. उपयोगी आहे, पण जपून वापर. त्याचा अर्थ असा निघतो की पुरुषावरचा अन्याय बाईच्या नावाने सांगितल्याशिवाय दिसत नाही. त्या माणसाला ‘नको’ म्हणायचा हक्क पुरुष म्हणूनही तितकाच आहे. निखिल, हे तू स्वतः मनापासून समजून घ्यावंस असं मला फार वाटतं.

कायद्याचं विचारलं तर नेमकं सांग. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे; बलात्काराची व्याख्या कलम 63 मध्ये आहे. पुरुषाला माहीत आहे की आपण तिचा नवरा नाही, आणि तिने मात्र तो नवरा आहे असं समजून होकार दिला, तर तो बलात्कार. ‘फेस/ऑफ’ची मांडणी इथे तंतोतंत बसते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय की संमती म्हणजे त्या विशिष्ट कृत्यासाठी निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेली मान्यता, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती दिली असं धरता येत नाही. पण या कलमात पीडित व्यक्ती स्त्रीच आहे. पुरुषावरची बळजबरी ज्याखाली येत असे, ते जुन्या दंडसंहितेतलं कलम 377 नव्या संहितेत घेतलेलं नाही. त्यामुळे ‘हँडसम मॅन’सारख्या प्रौढ पुरुषासाठी बलात्काराचं कलमच नाही. नवरा समजण्यापुरतीच फसवणूक धरायची ही पद्धत इतरत्रही होती; कॅलिफोर्नियात 1872 च्या कायद्यातली तशीच मर्यादा 2013 मध्ये एका खटल्यात आड आली आणि त्याच वर्षी कायदा बदलावा लागला. इंग्लंडच्या 2003 च्या कायद्यात तर ओळखीच्या कोणाचंही सोंग घेणं येतं. कलमं वाचून दाखवलीस तर छापील प्रत हातात ठेव, आठवणीतून सांगू नकोस.

नेहमी दोषच दाखवलेस तर लोक कंटाळतात. ‘फ्रीकी फ्रायडे’ (2003) मध्ये मुलगी आईच्या देहात आहे आणि आईचं लग्न दाराशी आलंय. ती होणाऱ्या नवऱ्याला टाळत राहते, त्या टाळण्यातूनच हशा पिकतो आणि लग्न लागतं ते दोघी आपापल्या देहात परतल्यावर. ‘युअर नेम’ (2016) या जपानी चित्रपटात दोघं एकमेकांसाठी फोनमध्ये नियम लिहून ठेवतात. अंघोळीला बंदी हा त्यातला एक. म्हणजे लेखकांना हा प्रश्न सुचतो, आणि सुचला म्हणून गोष्ट बेचव होत नाही.

सभागृहाचंही बघ. कोणत्या प्रसंगांबद्दल बोलणार ते आदल्या दिवशी सूचनाफलकावर लाव. दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेव, म्हणजे कोणाला उठून जायचं असेल तर सगळ्यांसमोरून जावं लागणार नाही. स्वतःचे अनुभव सांगा असं कोणालाही म्हणू नकोस. कोणी आपणहून बोललं तर ऐकून घ्यायचं, पण त्यावर वाद घालू द्यायचा नाही. बलात्कारावरचे विनोद सुरू झाले तर पहिल्याच विनोदाला थांबव, तिसऱ्याची वाट बघू नकोस. दीड तास असेल तर चित्रफितींना पंधरा मिनिटं, रकान्यांना वीस, ठरावाच्या दोन्ही बाजूंना मिळून अर्धा तास आणि उरलेला वेळ खुल्या चर्चेला. शेवटी मतदान घ्यायचंच असेल तर चिठ्ठ्यांवर घे. हात वर करायला लावले की मित्र कुठल्या बाजूला आहेत ते बघून मतं पडतात.

तुझ्या यादीत ‘हयवदन’ दिसलं नाही. गिरीश कार्नाडांच्या त्या नाटकाचा खानोलकरांनी केलेला मराठी अनुवाद ग्रंथालयात मिळेल. तिथे नवरा आणि त्याचा मित्र यांची धडं बदलतात आणि बायको पद्मिनी नेमकी कोणाची हा तंटा पडतो. नाटक ज्या वेताळाच्या गोष्टीवर उभं आहे, तिच्यातला राजा म्हणतो, ज्याच्यावर नवऱ्याचं डोकं तो नवरा. कार्नाड मात्र देहाला स्वतःची आठवण देतात. चर्चेच्या आधी वाचून काढ, पद्मिनीचा रकाना भरताना लागेल.

तुझी,
आई