नावासोबत ग्रेडही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत घरातल्या रसायनांवर लेख आला होता. 'भिंतीच्या रंगात जे असते तेच आपण दात घासताना तोंडात घालतो', हे त्यातले वाक्य मला दोन दिवस डाचत राहिले. वाक्य खोटे नाही. टायटॅनियम डायऑक्साइड रंगात असते, प्लास्टिकात असते, अनेक टूथपेस्टमध्ये आणि गोळ्यांच्या आवरणातही असते. युरोपीय संघाने 2022 मध्ये खाद्यपदार्थांत त्याला मनाई केली, पण रंगात आणि औषधांत ते चालू ठेवले. हा फरक का केला, हे लेखात यायला हवे होते. ते नसल्यामुळे वाचकाच्या हाती फक्त भीती उरते. कच्च्या मालाच्या गोदामात 31 वर्षे काढलेला माणूस म्हणून सांगतो, रसायनाचे नुसते नाव फार थोडे सांगते.

कॅल्शियम कार्बोनेटचेच घ्या. संगमरवरात आणि शिंपल्यात असतो तोच हा पदार्थ. आमच्याकडे त्याची पोती तीन वेगळ्या कोपऱ्यांत रचलेली असत आणि तिन्ही पावडरी दिसायला सारख्याच पांढऱ्या. पीव्हीसी पाइपसाठी येणाऱ्या पावडरीच्या कणांवर स्टिअरिक आम्लाचा पातळ लेप असतो. त्यामुळे ती प्लास्टिकात नीट मिसळते, आणि चिमूटभर पाण्यावर टाकली तर बुडत नाही, तरंगते. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच करून दाखवत असे. रंगवाले आणि कागदवाले शुभ्रता पाहतात, कण किती बारीक ते पाहतात. कागदात तिचे आणखी एक काम आहे. जुन्या पुस्तकांची पाने पिवळी पडून बोटांत चुरतात ती बरेचदा कागदातल्या आम्लामुळे. कार्बोनेट ते आम्ल शमवते, म्हणून असा कागद जास्त टिकतो.

तिसरा कोपरा फार्मा ग्रेडचा, म्हणजे औषधाच्या दर्जाच्या, गोळ्यांत जाणाऱ्या मालाचा. तिथे आधी शिसे किती, आर्सेनिक किती, हे पाहायचे. खाणीतला दगड दळला की त्यासोबत काय येईल याचा नेम नसतो. पाइपाचे त्याने फारसे बिघडत नाही, पोटाचे बिघडते. एकदा या मालाचा लॉट अडकला आणि निरोप आला, 'पावडर तीच तर आहे, पाइपवाल्यांची चार पोती दे.' मी दिली नाहीत. त्यावरून बरेच ऐकून घ्यावे लागले, पण आजही मी तेच करीन.

कारण ग्लिसरीनच्या पिंपांची गोष्ट मला ठाऊक आहे. ग्लिसरीन औषधांच्या सिरपमध्ये जाते. त्याच्यासारखेच बिनरंगी, दाट आणि गोडसर असे डायइथिलीन ग्लायकॉल कारखान्यांत विद्रावक म्हणून वापरतात. ते पोटात गेले की मूत्रपिंडे निकामी होतात. 1937 मध्ये अमेरिकेत एका औषधात ते विद्रावक म्हणून घातले गेले आणि शंभरावर माणसे दगावली, त्यांत कितीतरी मुले होती. विक्रीआधी औषध सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती करणारा तिथला कायदा 1938 मध्ये आला तो त्यानंतर. तरी 2006 मध्ये पनामात तेच घडले. पिंपावर ग्लिसरीन लिहिलेले, आत डायइथिलीन ग्लायकॉल, सोबत कागदपत्रे, माल देशोदेशींच्या व्यापाऱ्यांच्या हातून फिरलेला, आणि वाटेत कोणीही पिंप उघडून तपासले नाही. गोदामात काम केलेल्या माणसाला हे वाचून झोप लागत नाही. आत काय आहे हे पिंपावरचे लेबल ठरवत नाही, नमुना काढून केलेली चाचणी ठरवते.

म्हणून 'सगळे सारखेच घातक' म्हणणे जितके चुकीचे, तितकेच 'सगळीकडे वापरतात, म्हणजे चालते' म्हणणेही. डीईएचपी या द्रावाने कडक पीव्हीसी मऊ होते. मुले खेळणी तोंडात घालतात, म्हणून युरोपात खेळण्यांसाठी त्याची मर्यादा 0.1 टक्का आहे. पण रक्ताच्या पिशव्यांत तेच वर्षानुवर्षे वापरात आहे. पिशवीतून ते थोडेथोडे रक्तात झिरपते, आणि त्यामुळे साठवलेल्या लाल पेशी कमी फुटतात. नवजात बाळाच्या वजनाच्या मानाने मात्र हेच प्रमाण जास्त ठरते, ही चिंताही खरी आहे. याला चांगले म्हणावे की वाईट, हे मला एका शब्दात सांगता येणार नाही. आपल्या लेखकाने ते 'विषारी प्लास्टिक' या दोन शब्दांत उरकले, याचे वाईट वाटले.

माझी विनंती साधी आहे. यापुढे एखाद्या रसायनाबद्दल छापाल तेव्हा ते कोणत्या ग्रेडचे, किती टक्के, कशासाठी घातलेले, आणि शरीरात जाते ते तोंडावाटे, त्वचेतून की श्वासातून, एवढे लिहा. टायटॅनियम डायऑक्साइडची धूळ रोज श्वासात घेणारा कामगार आणि त्याच पदार्थाने रंगवलेल्या भिंतीशेजारी झोपणारा माणूस यांचा धोका एक नाही, आणि त्या कामगाराबद्दल आपल्या लेखात एक ओळही नव्हती. ही माहिती हाताशी नसेल तर उत्पादकाला विचारा. त्याने उत्तर दिले नाही, तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल