कॅल्शियमच काढून घेतले तर जोडी जुळणार कशी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चेतापेशींना एकमेकींशी बांधणाऱ्या प्रथिनांविषयी लिहिताना ‘अमुक तमुकला चिकटते’ एवढ्यावर भागवले जाते. कोणत्या परिस्थितीत, हेही छापायला हवे. सिनॅप्सच्या (दोन चेतापेशींच्या सांध्याच्या) जेमतेम 20 नॅनोमीटर फटीत न्यूरेक्सिन आणि न्यूरोलिगिन ही समोरासमोरची प्रथिने एकमेकांना धरतात ते कॅल्शियम असेल तरच. कॅडहेरिन या पेशी जोडणाऱ्या प्रथिनाचेही तसेच. प्रयोगशाळेत मात्र पेशी फोडायच्या द्रावणात सवयीने ईडीटीए हे रसायन पडते. प्रोटिएज (प्रथिने तोडणारी विकरे) रोखणाऱ्या तयार गोळीतही ते अनेकदा असते. ते कॅल्शियम पकडून ठेवते आणि ‘जोडी जुळत नाही’ असा खोटा निष्कर्ष हाती येतो. म्हणून ईडीटीएविना गोळी, फॉस्फेट बफरऐवजी हेपेस बफर (बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण; फॉस्फेटमुळे कॅल्शियमचा साका बसतो), आणि धुण्याच्या द्रावणातसुद्धा 2 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. शेजारी ईजीटीए (हेही कॅल्शियम पकडणारे रसायन) घातलेली नळी हवीच. तिथे जोडी जुळल्याचे दाखवणारी पट्टी (जेलवरची प्रथिनाची रेघ) नाहीशी व्हायला हवी. एनकॅम हे चेतापेशींना जोडणारे आणखी एक प्रथिन; एनकॅम-एनकॅम बंधाला कॅल्शियम लागत नाही, तिथे ही कसोटी निरुपयोगी.

आणखी एक. एफसी (प्रतिपिंडाचा शेपटीकडचा तुकडा) जोडलेले प्रथिन दुहेरी असते, त्यामुळे दुबळा बंधही घट्ट भासतो. बंधाची ताकद छापायची तर एकेरी प्रथिनावर मोजलेलीच छापावी.

आपला,
एक वाचक